अंबिकेचा कातरणीचा लेख

…तर मेंढरं धुऊन झाली होती आणि कातरायला कुणीच आलं नव्हतं, इथवर काल आलो होतो आणि सूनबाईनं ताट वाढलं म्हणून उठावं लागलं. आज जेवूनच बसलोय. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून धरतो. जे होते त्यांनी तेवढा वेळ तंबाखू मळावी.

फाल्गुन सरत आला होता. खुलताबादच्या वरच्या अंगाला आमचं वावर आहे. त्यातल्या कांदा काढलेल्या तुकड्यात बिभीषणाची मेंढरं बसली होती. बिभीषण म्हणजे अंबिकेचा बाप. त्याचा बाप माझ्या बापाच्या वावरात मेंढरं बसवायचा, तो माझ्या वावरात बसवतो. मेंढरं चार रात्री रानात बसली की खत आपोआप पडतं आणि आम्ही त्याला दाणे देतो. हा व्यवहार कागदावर कधी आला नाही आणि कधी मोडलाही नाही.

आदल्या दिवशी त्यानं अन् त्याच्या बायकोनं, पारूबाईनं, मेंढरं तळ्यावर नेऊन एकेक चोळून धुतलं होतं. धुतलेलं मेंढरू दोन, लई तर तीन दिवसांत कातरावं लागतं. पुन्हा धुळीत बसलं की लोकरीत माती भरते, कातरीची धार जाते आणि धुतलेलं वाया. शिवाय ऊन चढायला लागलेलं. अंगावर लोकर घेऊन मेंढरं चैत्र काढू शकत नाहीत, धापा टाकतात. म्हणून धुण्याच्या आधी आठ दिवस कातरणीचं आवतन गेलेलं असतं. तसं ते गेलंही होतं. दहा कातरी येणार होत्या. पारूबाईनं तेवढ्या माणसांचं कालवण चुलीवर चढवलं होतं. दहा वाजले, अकरा वाजले. रस्त्यावर एक मोटरसायकल दिसली, ती दूधवाल्याची निघाली.

ह्या लोकांत कातरणीला मजुरी नसते. आज तुझ्याकडं, परवा माझ्याकडं. आणि कुठल्याही कातरणीत पहिली कातर उघडायची ती बन्सीची. बन्सी हा बिभीषणाचा चुलतभाऊ, वयानं मोठा, बिडकीनच्या अलीकडं राहतो. त्याच्या हातून पहिलं मेंढरू मोकळं झाल्याशिवाय बाकीचे कातरीला हात लावत नाहीत. आणि बन्सी जिथं जात नाही तिथं त्याची पोरं, पुतणे, जावई, कुणीच जात नाही. दहा कातरी म्हणजे तीच सगळी मंडळी.

बिभीषणानं फोन लावला. बन्सीनं उचलला नाही, त्याच्या बायकोनं उचलला. म्हाळसाबाई तिचं नाव. बाई एरवी फोनवर आधी मेंढरांची खुशाली विचारते, मग माणसांची. त्या दिवशी काहीच विचारलं नाही. कातरणी बघायला मी वावरात आलो होतो, फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून मलाही ऐकू आलं.

“तुमच्या लेकीनं आमच्या म्हाताऱ्याची कातर काढून घेतली,” ती म्हणाली. “आता लेकीलाच बसवा कातरायला.”

बिभीषण माझ्याकडं बघायला लागला. त्याला काही कळेना. मला कळलं, कारण तो लेख मी वाचला होता. बापाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, हे कसं, ते सांगायला मला हर्सूलला जावं लागेल.

गाव सोडून मी शहरात हर्सूलला मुलाकडं राहायला आलो तेव्हा माझी फार पंचाईत झाली. गावात दिवसाला वीस माणसं बोलायला मिळायची. इथं एक वॉचमन, तोही कानात वायरी घालून बसलेला. सातबारा काढायच्या निमित्तानं एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तर काउंटरमागची बाई माझ्याकडं टक लावून बघते. चाळिशीची, चष्मा, बोटांना शाई. म्हणाली, “आबा, मी बिभीषणाची अंबी. तुमच्या हिरीत माझी चप्पल पडली होती.” चप्पल मला आठवली. ती काढायला मी सालगड्याला उतरवलं होतं आणि त्याचा पाय… राहू द्या, ते वेगळं आहे.

तर ही अंबिका. आईबाप मेंढरामागं फिरणारे, ही आश्रमशाळेत शिकली. दहावी झाली, लग्न झालं, मग बाहेरून बारावी, बाहेरून बी.ए. नवरा इंद्रजीत शेंद्र्याच्या कंपनीत पाळीवर जातो. हिनं गल्लीच्या तोंडाला दुकान टाकलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट साइज फोटो. दोन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. आणि गिऱ्हाईक नसलं की ती लिहिते. कशावर, तर वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर. कुणाच्या तरी आधार कार्डाची काळपट निघालेली प्रत, तिच्या मागं अंबिकेचं बालपण. लिहिलेलं वाक्य नीट बसलंय का हे बघायला तिला ते मोठ्यानं म्हणावं लागतं. दुकानात लोक बसलेले असतात, म्हणून ती उगाच मशीन चालू करते आणि त्या घरघरीत म्हणून घेते. मला वाटायचं बाई मशीनशी बोलते.

लिहून झालं की ती ते टाइप करते आणि ब्लॉगवर टाकते. ब्लॉग म्हणजे काय, मी विचारलं. तर म्हणाली, “आबा, तुम्ही पारावर बसून सांगता ना, तसंच. पार फक्त फोनात असतो, आणि ऐकणारा मधेच उठून गेला तर दिसत नाही.” मला ते लई बरं वाटलं. माझ्यासमोरून माणसं उठून जातात ती मला दिसतात.

तिच्या ब्लॉगचं नाव ‘कळपामागं’. मेंढरांच्या पुढं बाप्ये चालतात, आणि मागून बाया, घोड्यावर संसार, कोंबड्या, तान्ही लेकरं. पुढच्याला फक्त रस्ता दिसतो, पडलं-झडलं ते मागच्याला दिसतं, असं तिचं म्हणणं. मी सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकलेला माणूस, पण ते सगळे लेख मी वाचले. अक्षर मोठं करायचं कसं ते तिनंच शिकवलं. एक लेख एक जूनवर आहे. फॉर्म भरायला येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख एक जून, कारण शाळेत घालताना मास्तरला तीच तारीख सोपी पडायची. एका दिवशी दुकानात एकापाठोपाठ आलेल्या सात म्हाताऱ्यांविषयी तिनं लिहिलंय. सातवा मी आहे. नाव नाही, पण हातात सातबारा अन् तोंडात गोष्ट असं लिहिलंय म्हटल्यावर दुसरा कोण असणार. तो लेख मी सोसायटीत सगळ्यांना दाखवला. वॉचमनलाही.

मी तिला माझ्या गोष्टी सांगायचो. वाटायचं ही त्या लिहील. ती ऐकायची, पण शेवटी म्हणायची, “आबा, ह्यातली म्हैस काढा. म्हशीचं पुढं काहीच होत नाही.” मी म्हणायचो, पण म्हैस तिथं होती. तर म्हणायची, “असंल. पण गोष्टीला नको.” असा तिचा हिशेब. जे लागत नाही ते ठेवायचं नाही, मग ते खरं का असेना. हे ध्यानात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. त्यातली दिवाळीच्या पाठीमागची कातरणी झाली आणि तिनं तिच्यावर लेख लिहिला. कार्तिकातली कातरणी तिच्या सुट्टीत यायची म्हणून शाळेत असल्यापासून ती कधी चुकली नव्हती. त्या वर्षीही गेली होती. लेख दोनशेच्या वर लोकांनी वाचला. खाली कुणी पुण्याहून, कुणी दुबईहून लिहिलं की डोळ्यांपुढं उभं राहिलं. लिहिताना तिला वाचणारे म्हणजे हेच लोक वाटायचे. मेंढरामागं चालणारी आपली माणसंही फोन बाळगतात, झाडाखाली बसून वाचतात, हे तिच्या मनात आलं नाही. कुणीतरी त्यातल्या चार ओळींचा फोटो काढला आणि समाजाच्या ग्रुपवर टाकला. त्या चार ओळी मला पाठ आहेत, त्यातले नाना म्हणजे बन्सी:

“नानांचा हात थरथरला. मेंढीच्या कुशीवर दोन बोटं लांब जखम झाली. नानांनी हळद मागितली. कातर पुन्हा उचलली तेव्हाही हात थरथरतच होता.”

तुम्हाला आम्हाला ह्यात काही वाटणार नाही. म्हाताऱ्याचा हात थरथरणारच. पण कातरणीच्या माणसाविषयी हे बोलायचं नसतं. हात थरथरायला लागला की त्याला तोंडावर कुणी काही म्हणत नाही, त्याची लाज राखतात. तोच एखाद्या वर्षी म्हणतो, मी आज धार लावतो, तुम्ही कातरा. हे त्यानं म्हणायचं असतं. दुसऱ्यानं म्हटलं तर आवतनच यायचं थांबतं. त्या वर्षी होळीच्या आधी तीन वाड्यांवर कातरणी झाली, तिन्ही ठिकाणी बन्सीला कुणी बोलावलं नाही, दुसरीकडची माणसं बसवली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. चौथं आवतन आलं ते बिभीषणाचं, म्हणजे जिनं लिहिलं तिच्या बापाचं. बन्सी फोनवर “बघू” एवढंच म्हणाला होता, आणि आला नाही.

आता वावरात परत येऊ. मी फोन केला तशी अंबिका दुपारी स्कूटीवर आली. बिभीषण बांधावर बसला होता, त्यानं मान वर केली नाही. काय लिहिलंस, असं विचारलं. तिनं सांगितलं. लपवलं नाही, पण आवाज खाली गेला होता. बिभीषणाला वाचता येत नाही. त्याला वाटायचं लेक दुकानात लोकांची कामं टाइप करते. ती स्वतःचंही काही टाइप करते हे त्याला त्या दिवशी कळलं, तेही असं.

“पुसून टाक,” तो म्हणाला.

तिनं फोन काढला आणि बापासमोर लेख पुसून टाकला. तेवढ्याला पाणी प्यायला लागतो तितकाही वेळ लागला नाही. बिभीषणानं लगेच बन्सीला फोन लावला, ह्या खेपेला त्यानं उचलला. पुसलं रं, असं बिभीषणानं सांगितलं. पलीकडून बन्सी म्हणाला, “माझ्या पोराच्या फोनात अजून हाय.” आणि ठेवून दिला.

म्हणजे झालं असं की सगळा लेख गेला आणि तेवढ्या चार ओळी जगात राहिल्या.

मी मधे पडलो. म्हटलं, माफी माग, वडीलधारा माणूस आहे, फोनवर माफी मागायला काय जातं. ती मेंढरांकडं बघत होती. धुतल्यामुळं ती पांढरी आणि फुगीर दिसत होती, आणि सगळी एकमेकांच्या सावलीत डोकं घालून उभी. ती म्हणाली, “माफी कशाची मागू आबा? त्या चार ओळींची का बाकीच्या चाळीसची?”

मजुरीवर कातरणारी माणसं मिळतात, मी एकाला ओळखतोही. अंबिका म्हणाली, मी बोलावते, मी देते काय द्यायचं ते. तेव्हा मात्र बिभीषण उठून उभा राहिला.

“आज मेंढरं पैसे दिऊन कातरली,” तो म्हणाला, “तर उद्या माझ्या मयताला बी पैसे दिऊनच माणसं आणावी लागतील.”

पारूबाईनं कालवणाखालचा जाळ ओढून घेतला. दहा माणसांचं कालवण आम्ही चौघांनी खाल्लं, म्हणजे खायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिका हर्सूलला आमच्या दारात. दुकान बंद ठेवून आली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वाया गेलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा. लेख पुसला तरी पाठकोरे कागद ड्रॉवरमध्ये होते. ती म्हणाली, मी नानांना सगळा वाचून दाखवते, तुम्ही संगं चला. तुम्ही वावराचे धनी, वयानं मोठे, तुम्हाला नाना दारातून परत पाठवणार नाहीत. मी टोपी घातली. निघताना तिनं मला एक अट घातली. “तुम्ही नुसतं बसायचं आबा. गोष्ट सांगायची नाय.”

मी शहात्तर वर्षांचा. स्कूटीवर मागं बसून हर्सूल ते बिडकीन म्हणजे सगळं शहर आणि वर पैठण रोड. चितेगावला मला उतरवून तिनं चहा पाजला, कारण माझा पाय बधिर झाला होता. तेवढ्यात तिनं कागद चाळले, ओठ हलत होते. इथं मशीन नव्हतं, पण शेजारून ट्रक जात होते, त्या आवाजात तिनं म्हणून घेतलं.

बन्सीचं घर रस्त्यापासून आत आहे. तिकडं आता रुंद रस्ते झालेत, दुभाजकात फुलझाडं, आणि मेंढरं चारायला माणूस लांब लांब जातो. तो लिंबाखाली बाजेवर बसला होता. अंगानं वाळका, पण मनगटं अजून दांडग्यासारखी. मागं भिंतीच्या खुंटीला कातर टांगलेली, तेलकट फडक्यात गुंडाळून. त्यानं मला बाजेवर जागा दिली आणि कांदा किती निघाला ते विचारलं. अंबिकेकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. ती खाली जोत्यावर बसली.

म्हाळसाबाई पाणी घेऊन आली. मला तांब्या दिला आणि पोरीकडं वळली.

“या लेखिकाबाई. आमच्या म्हाताऱ्याचं झालं, आता माझ्या गुडघ्याचं लिवायचं ऱ्हायलंय का?”

“लिहिते की नानी. कोणता दुखतो?”

“दोन्ही. येकाचंच लिवशील अन् दुसरा रुसंल.”

बन्सीच्या मिशा किंचित हलल्यासारख्या वाटल्या, पण मी शपथेवर सांगणार नाही.

अंबिका म्हणाली, नाना, तुम्ही चार ओळी ऐकल्यात, मी सगळं वाचते, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. बन्सीनं मांडी बदलली. ती वाचायला लागली, पण आवाज निघेना. आजवर तिनं स्वतःचं लिहिलेलं माणसांसमोर कधी वाचलंच नव्हतं. म्हाळसाबाई दारातून म्हणाली, “मोठ्यानं वाच. चोरून लिवलंस, आता वाचू तरी नको चोरून.”

मग तिनं मोठ्यानं वाचलं. काय होतं लेखात ते थोडक्यात सांगतो, थोडक्यात मला जमलं तर. कातरणीत मेंढराचे पाय बांधून त्याला आडवं पाडतात. कातरताना कुठं कातडीला लागलं की कातरणारा “हळद” म्हणून हाक देतो. मग लहान पोरीनं हळदतेलाचा डबा घेऊन पळायचं आणि जखमेला लावायचं. अंबिका सहा वर्षांची असल्यापासून हे काम तिचं. दहा कातरी, दहा दिशांनी हाका, दिवसभर पळून पोरीच्या पायात गोळे यायचे. फक्त एका कातरीकडून हाक कधीच यायची नाही. बन्सीनानाच्या. त्याच्या हातून मेंढराला ओरखडासुद्धा पडायचा नाही. म्हणून दम लागला की ती डबा घेऊन त्याच्यापाशी जाऊन बसायची. तिथं काम नसायचं. तो कातरता कातरता दातांवरून मेंढीचं वय कसं ओळखायचं ते सांगायचा, कुठल्या गावची बोरं गोड ते सांगायचा. आणि एका कातरणीत तो तिच्या बापाला म्हणाला होता, “माझ्यापाशी बसून हिला काय काम नाय. शाळंत घाल हिला.” दिवाळीनंतर बिभीषणानं तिला आश्रमशाळेत नेऊन घातलं.

मग पुढं त्या चार ओळी. ह्या वर्षी दिवाळीला गेली तेव्हा लहान पोरी नव्हत्या, सगळ्या शिकायला बाहेर, म्हणून डबा पुन्हा हिच्याकडं. आणि बन्सीनानाकडून हाक आली. लेखाच्या शेवटी असं होतं की तिनं हळद लावली आणि नानांनी पुढचं मेंढरू ओढून घेतलं. बस.

वाचून झालं. म्हाळसाबाई दारातच खाली बसली होती. बन्सी खुंटीकडं बघत होता. मला बोलायचं फार होतं, आमच्या गावच्या एका न्हाव्याची अगदी अशीच गोष्ट आहे. पण शब्द दिला होता म्हणून मी तांब्यातलं पाणी पीत राहिलो.

“ते शाळंचं म्या बोललो व्हतो?” बन्सीनं विचारलं.

“बोलला होतात.”

“मला याद नाय.”

मग तो म्हणाला की ती मेंढी तपकिरी डोक्याची नव्हती, लेखात चुकलंय. ती वाकड्या कानाची होती. तिचं कातडंच पातळ आहे, तिच्या आईचंही तसंच होतं. अंबिकेनं पेन काढून कागदावर लिहून घेतलं. तो बघत होता लिहिताना. लिहून झाल्यावर त्यानं म्हाळसाबाईला विचारलं, भाकरी किती माणसांच्या होतील. ती म्हणाली, पीठ हाय. एवढंच. पोरांना फोन त्यानं आमच्यासमोर लावला नाही. पण आम्ही निघालो तेव्हा त्यानं खुंटीवरची कातर खाली घेतली होती आणि फडकं सोडत होता.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्याच दिवशी म्हणा, सकाळी आठला चार मोटरसायकली आमच्या वावरात. दहा कातरी. बिभीषण पुढं झाला, बन्सीच्या पाया पडला. बन्सीनं त्याला उठवलं आणि मेंढरं बघितली. “पोटाखाली माती लागली रं,” म्हणाला. “परवाच व्हायला पायजे व्हतं.” जणू उशीर बिभीषणानंच केला. बिभीषण व्हय म्हणाला.

सगळे आपापल्या घोंगड्यावर बसले. कुणी कातर उघडेना. बन्सीनं पहिलं मेंढरू ओढलं, पाय बांधले, मानेपासून सुरुवात केली. सावकाश. हात थरथरत होता, मला बांधावरून दिसत होतं, म्हणजे जवळच्यांना दिसतच असणार. मुद्दाम बघत कुणीच नव्हतं. एक जण चिलमीची काडी शोधत होता, ती खिशातच होती. लोकर एका अंगानं सुटत गेली, घोंगड्यावर आख्खी उतरली आणि मेंढरू बारीक होऊन उठून पळालं. ओरखडा नाही. मग बाकीच्या नऊ कातरी उघडल्या.

दुसरंही मेंढरू तसंच गेलं. डबा अंबिकेकडं होता. ती मधे उभी होती, कुणाच्याच जवळ नाही. तिसरं बन्सीनं ओढलं ते वाकड्या कानाचं. पुढ्यात दुसरी चार होती, पण त्यानं हात लांब करून तेच ओढलं. पोटाजवळ आला आणि थांबला.

“हळद,” त्यानं हाक दिली. चांगली मोठ्यानं, वावराच्या पार त्या टोकाला ऐकू जाईल अशी.

अंबिका पळाली. चाळीस वर्षांची बाई, चष्मा सावरत, कांदा काढलेल्या ढेकळांतून. जखम एवढीशी होती, बोटाच्या पेराएवढी. ती गुडघ्यावर बसून लावायला लागली. सगळ्यांच्या कातरी चालू होत्या, पण चालीत फरक पडला होता. बन्सीनं मेंढीचा कान धरला होता. तो म्हणाला, पोरगं सांगत होतं की पुसलेलं परत टाकता येतं. ती हो म्हणाली.

“मग परत टाकशील तवा ते हाताचं ठिवशील का काढशील?”

मला वाटलं काढीन म्हणेल. माझी म्हैस तिनं किती सहज काढली होती. बिभीषणही हातातलं मेंढरू तसंच धरून बघत होता, कारण ‘काढते’ एवढा एक शब्द बोलली असती तरी सगळं मिटलं असतं. तिनं आधी जखमेवर दुसऱ्यांदा बोट फिरवलं, डब्याला झाकण लावलं, आणि मग म्हणाली:

“कान वाकडा होता तेवढं दुरुस्त करते, नाना. हाताचं राहू द्या. लहानपणापासून ह्यो डबा घिऊन तुमच्यापाशी नुसतीच बसले, मला काय काम नव्हतं. आता तुम्ही हळद मागितली, तर तेवढं तरी मला लिहू द्या.”